एकशे त्रेचाळीस नग, आयफोनला हस्तांतरित

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार. सकाळी ९.१५

आयफोन आला. मुलीने, हर्षाने, पुण्याहून कुरिअरने पाठवला. तिने नवा घेतला, हा तिचा जुना. तिचा जुना म्हणजे माझ्या नव्यापेक्षा नवा. कोपऱ्यावर टवका उडालेला आहे, पण कव्हर घातलं की दिसत नाही.

निर्णय पक्का: अँड्रॉइड सोडायचा. कॉम्प्युटर मात्र आहे तोच राहील. बारा वर्षं झाली, विंडोज दहावर व्यवस्थित चालतो, चालू व्हायला सहा मिनिटं घेतो, तेवढ्यात चहा होतो. सगळ्याच गोष्टी बदलायच्या नसतात.

कारण लिहून ठेवतो. १६ नोव्हेंबरला माझ्या बायकोला, रत्नमालाला, जाऊन वर्ष होतं. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. वंदना झाली की एकेकाने उठून तिच्याबद्दल दोन शब्द बोलायचे, सगळ्यात शेवटी घरच्या माणसाने. घरचा माणूस म्हणजे मी. मला चार माणसांत बोलता येत नाही, हे अख्ख्या वरठीला माहीत आहे.

म्हणून मी बोलणार नाही. तीच बोलेल. व्हॉट्सअॅपवर तिने मला पाठवलेले १४३ व्हॉइस मेसेज आहेत. त्यातले निवडक बारा स्पीकरवर लावायचे, मी शेजारी उभा राहायचं. जुना फोन स्पीकरला जोडला की मध्येच तुटतो. आयफोन तुटत नाही, असं हर्षा म्हणते.

एका रविवारचं काम आहे. आज रविवारच आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.३०

आयफोन सुरू केला. त्याने विचारलं, जुन्या फोनमधून सामान आणायचं का? मी 'नाही' दाबलं. नवा माणूस आधी रिकाम्या खुर्चीवर बसतो, मग चार्ज घेतो. प्लांटच्या टाइम ऑफिसमध्ये हजेरी सांभाळत एकोणतीस वर्षं झाली, आठ वेळा चार्ज दिला-घेतला, एक टाचणी कमी आली नाही.

काम पुढच्या रविवारपर्यंत होईल.

२७ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ७.१०

चार्ज यादी तयार केली. कॉम्प्युटरवर, एक्सेलमध्ये, रकाने आखून.

फोटो: ४,३१२ नग.
नंबर: ३८७ नग. (पैकी सिलिंडरवाले ४.)
व्हॉइस मेसेज, कै. रत्नमाला: १४३ नग.

देणार: जुना फोन. घेणार: नवा फोन. साक्षीदार: कॉम्प्युटर. प्रिंटही काढली. फार देखणी आली. हे काम लोक उगाच अवघड करून ठेवतात.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

फोन प्लांटवर नेला. टेकचंद शेजारच्या टेबलावर बसतो, वीस वर्षांपासून. त्याने फोन उलटापालटा करून पाहिला अन् म्हणाला, "काहून गा प्रफुल्ल, याची पिन तं येगळीच हाय. आता चार्जर कोनाले मागशीन? सारा प्लांट सी-पिनवर चालते."

मी म्हणालो की आयफोनवाले चार्जर मागत नाहीत.

अडीच वाजता फोन बंद पडला. टेकचंदचं लक्ष होतंच. म्हणाला, "झोपला का साहेब?"

२९ ऑक्टोबर, बुधवार

चेहरा दाखवला की कुलूप उघडतं, ती सोय लावली. मान गोल फिरवायला सांगितली. फिरवली. पुन्हा सांगितली. पुन्हा फिरवली. मान दुखते, पण आता फोन मला ओळखतो.

हेल्मेट घातलं की ओळखत नाही. फाटकावरच्या सिक्युरिटीवाल्यांचंही तसंच आहे. म्हणजे फोन बरोबर आहे.

३० ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी ७.००

हर्षाला व्हिडिओ कॉल केला. चित्र स्वच्छ. ती म्हणाली, "बाबा, पंखा दिसतोय." मी विचारलं, कुठला? ती म्हणाली, "तुमचा. फक्त पंखाच दिसतोय. काहीतरी बोला ना." मी म्हणालो, बोलतोच आहे. ती म्हणाली की चार मिनिटं झाली अन् मी दोनदा 'हं' म्हणालो आहे.

संकल्प: रोज हर्षाशी दहा मिनिटं बोलायचं. उद्यापासून.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

आयफोन कॉम्प्युटरला वायरने जोडला. फोनने विचारलं, या कॉम्प्युटरवर विश्वास आहे का? बारा वर्षांचा विश्वास आहे! एवढ्या जोरात बोट मारलं की 'विश्वास नाही' दाबलं गेलं. वायर काढली, घातली, पुन्हा विचारलं. या वेळी 'विश्वास' दाबला. दोघांची ओळख झाली. कॉम्प्युटरमध्ये फोनचं एक चित्र दिसतं, आत काही नाही. चांगली सुरुवात आहे.

हर्षाला फोन राहिला. पंखा पुसायचा होता.

१ नोव्हेंबर, शनिवार

जुन्या फोनमधले ४,३१२ फोटो कॉम्प्युटरमध्ये घेतले. मोजले. ४,३१२. मन भरून आलं. यादीवर हिरवी टिक.

नंबर ३८७ पैकी ३८७. हिरवी टिक.

आता फक्त १४३ नग.

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी १०.००

आज हस्तांतरण.

हर्षाने आठवड्यात तीनदा सांगितलं आहे. व्हॉट्सअॅप एका फोनमधून दुसऱ्यात न्यायचं तर नवा फोन आधी कोरा करावा लागतो, मग दोघांना शेजारी ठेवून एक अॅप लावायचं. ती म्हणाली, "नव्याला कोरं करा बाबा. जुन्याला हात लावू नका. हात लावू नका म्हणजे अजिबात नाही."

मुलगी हुशार आहे, पण तिने कधी चार्ज दिलेला नाही. घेणाऱ्याला कशाला कोरं करायचं? देणाऱ्याने कपाट रिकामं करायचं असतं. जोपर्यंत जुना कारकून ड्रॉवरची किल्ली धरून बसतो, तोपर्यंत नव्याकडे कागद येत नाहीत. हा नियम मला पुण्याने शिकवायची गरज नाही.

शिवाय मी बेसावध नाही. आधी कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅप उघडलं. पडद्यावरचा चौकोनी कोड फोनने टिपायचा, सगळं मोठ्या पडद्यावर येतं. आलं. १४३ च्या १४३. खात्रीसाठी तीन ऐकले.

"येताना दही आणजा, कालचं आंबट झालं." चार सेकंद.

"गॅस बंद केला का हो? ... असू द्या, मीच केला होता." सहा सेकंद.

"कुठं पोहोचले? बोलत काऊन नाई? यावर तरी बोलत जा जरा." पाच सेकंद.

प्रत्येकाखाली माझा अंगठा आहे. बाकी मी काही पाठवलेलं नाही.

म्हणजे नग कॉम्प्युटरमध्ये आहेत. डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले. हिरवी टिक.

सकाळी ११.२०

जुना फोन पूर्ण कोरा केला. त्याने दोनदा विचारलं, नक्की का? मी दोनदा नक्की म्हणालो. सिम काढून नव्यात घातलं. यादीवर तारीख टाकून सही केली.

एवढं हलकं कितीतरी महिन्यांत वाटलं नव्हतं. साखर जास्त टाकून चहा केला.

संध्याकाळी ६.४०

आयफोनवर व्हॉट्सअॅप सुरू झालं. आत कोणी नाही. हर्षा नाही, टेकचंद नाही, रत्नमाला नाही. नवं घर आहे, माणसं येतील हळूहळू.

३ नोव्हेंबर, सोमवार

कॉम्प्युटरवर व्हॉट्सअॅप उघडलं. कालचं काही नाही. नुसता चौकोनी कोड. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. सहा मिनिटं. चहा. कोड.

मॉनिटर कपड्याने पुसला. कोड जास्त स्वच्छ दिसतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

घाई करायची नाही. रजिस्टर एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जायला आठ दिवस लागतात, हे तर एका फोनातून दुसऱ्यात. फोन रात्रभर चार्जिंगला लावून ठेवतो, म्हणजे येणाऱ्यांना अडचण नको.

५ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ६.५०

एक मेसेज आलेला! धावत गेलो. सिलिंडरवाला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

हर्षाने विचारलं, झालं का? मी म्हणालो, झालं. तिने विचारलं, आईचे मेसेज आले? मी म्हणालो, नेटवर्क नाही, आवाज येत नाही, ठेवतो. तिचा आवाज अगदी स्वच्छ येत होता.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

टेकचंदला सहज विचारल्यासारखं विचारलं, की समज एखाद्याने जुना फोन कोरा केला, तर व्हॉट्सअॅप कुठे जातं? तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, "कोन एखादा?"

मी म्हणालो, आहे एक.

तो म्हणाला, "त्या एखाद्याले म्हना, बॅकअप असन तं वापस येते. नसन तं गेलं."

मी सांगितलं की त्या एखाद्याकडे कॉम्प्युटरवर सगळं दिसत होतं. तेव्हा टेकचंदने खुर्ची जवळ ओढली अन् आवाज बारीक केला. "बावा, कॉम्प्युटर तं आरसा होता. मानूस फोनात होता."

नंतर त्याने दिवसभर माझी थट्टा केली नाही. ते मला आवडलं नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी १.००

भंडाऱ्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेलो. माणूस सज्जन होता. जुना फोन पाहिला, विचारलं, बॅकअप कधी सुरू केला होता? मी चार्ज यादी दाखवली. त्याने ती पूर्ण वाचली. म्हणाला, "काका, यादी एक नंबर आहे."

बॅकअप कधीच सुरू केलेला नव्हता. १४३ पैकी ०. यादीवरची हिरवी टिक खोडरबरने निघत नाही, शाईची आहे.

९ नोव्हेंबर, रविवार

काल थोडं बरं नव्हतं. आज ठीक आहे.

नवी योजना, आधीपेक्षा चांगली. मीच बोलणार. लिहून काढतो, वाचून दाखवतो. वाचायला काय लागतं? हजेरी एकोणतीस वर्षं वाचली.

कॉम्प्युटरवर, माझ्या नेहमीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलं. सकाळी अकरापर्यंत दीड पान. वाचून पाहिलं तर रजेचा अर्ज वाटला. 'सदर व्यक्ती अत्यंत मनमिळाऊ स्वभावाची होती.' खोडलं. पुन्हा लिहिलं. चार वाजता सात ओळी उरल्या, पण त्या चांगल्या आहेत. तिने मला कधी 'बोला' म्हटल्याशिवाय सोडलं नाही, हे त्यात आहे. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार

पवनीहून सत्यभामाबाईंचा फोन. रत्नमालाची मोठी बहीण. त्या फोनवरही इतक्या मोठ्याने बोलतात की फोन कशाला लागतो कळत नाही. "भाऊजी, हर्षा सांगे का तुमी तिचा आवाज आयकवता म्हनून! मी तं पयल्या रांगेत बसतो बावा. शेजारच्या दोघी बी येऊन राहिल्या."

मी 'हं' म्हणालो.

त्या म्हणाल्या, "स्पीकर मोठा आनजा. लहान्यात ती मावत नाई."

पुन्हा 'हं' म्हणालो. तिसरा 'हं' त्यांनी फोन ठेवल्यावर म्हणालो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हर्षा आली. स्टेशनवर घ्यायला गेलो. घरापर्यंत मोटरसायकलवर तिला सांगायचं ठरवलं होतं. हेल्मेटमुळे जमलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सात ओळी कॉम्प्युटरवरून मेलने आयफोनवर पाठवल्या. पोहोचल्या. म्हणजे कॉम्प्युटर अन् फोनचं जमलं. हेच तर मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो! अँड्रॉइड गेला, कॉम्प्युटर राहिला, काम चालू आहे. फाइलचं नाव दिसलं, उघडून पाहायची गरज वाटली नाही. प्रिंट मुद्दाम काढली नाही. कागद हातात थरथरतो, फोन थरथरत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७.३०

जसं झालं तसं लिहितो.

विहार भरला होता. वंदना झाली. पाच-सहा जण बोलले, चांगलं बोलले. टेकचंदही बोलला, की वहिनींच्या डब्यातली भाजी मी वीस वर्षं अर्धी खाल्ली. मग माझं नाव घेतलं. पहिल्या रांगेत सत्यभामाबाई पदर सावरून बसल्या होत्या. स्पीकर मोठा आणलेला होता.

उभा राहिलो. फोनने चेहरा ओळखला. फाइल उघडली. सात ओळींच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलरची चिन्हं, कंस अन् प्रश्नचिन्हं. कॉम्प्युटरमधला माझा फॉन्ट फोनमध्ये नव्हता. ओळी मात्र सातच होत्या.

वाचायची सवय म्हणून पहिला शब्द वाचायला तोंड उघडलं. तो कंसाने सुरू होत होता.

सगळे पाहत होते. हर्षा पाहत होती. मी म्हणालो, "रत्नमालाचा आवाज माझ्याजवळ होता. माझ्या हातून पुसला गेला. एकशे त्रेचाळीस. मला वाटलं मला सगळं समजतं." आणखी म्हणालो, "ती म्हणायची, बोलत जा. मी अंगठा पाठवायचो."

एवढंच. बसायचं राहून गेलं.

हर्षा उठत होती, तेवढ्यात सत्यभामाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मंग असे उभे काऊन हा? मायाकडं हायेत ना! तुमाले चार सेकंदाचे धाडे, मले तं पोतंभर धाडले तिनं! बसा खाली." अन् मागे वळून शेजारणींना म्हणाल्या, "एकटा नोवरा काय पुरते का बोलाले?"

विहारात लोक हसले. मीही हसलो असं हर्षा म्हणते. मला आठवत नाही.

घरी येताना हर्षा म्हणाली, "बाबा, मला का नाही सांगितलं?" मी सांगितलं, सगळं, दोन तारखेपासून. घरी पोहोचलो तरी फाटकात उभा राहून सांगत होतो. यादी पाहून ती रडली अन् मग हसायला लागली, थांबेचना.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ८.४०

आज रजा. हर्षाने जुना फोन पुन्हा सुरू करून दिला. मीच मागितला. तिने विचारलं, मग आयफोन? मी म्हणालो, राहू दे पंखा दाखवायला. सिम पुन्हा जुन्यात. तीन आठवड्यांपूर्वी जिथे होतो तिथे आहे, १४३ नग कमी.

सत्यभामाबाईंचा एक मेसेज आला. फक्त एक. मी विचारलं, बाकीचे? त्या म्हणाल्या, "निवडून धाडतो भाऊजी. सारेच काई तुमच्या आयकन्यासारखे नाईत."

हा आहे दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांचा. मला कधी सहा सेकंदांच्या वर आला नव्हता. खुर्ची ओढून नीट बसलो. हर्षाही बसली.

सुरुवातीला कुकरची शिटी. मग रत्नमाला तुरीच्या शेंगांबद्दल बोलते. मग कोणाच्या तरी सुनेच्या साडीबद्दल. मग पुन्हा शेंगा, यंदा दाणे बारीक. मध्ये ती खूप हसते, कशाला ते समजत नाही. मी वाट पाहत होतो. आता माझ्याबद्दल काही म्हणेल, चांगलं नाही तर वाईट तरी. दोन मिनिटं गेली, सव्वादोन. साडीवरून ब्लाऊज. माझं नाव नाही, गाव नाही. हर्षाने माझ्याकडे पाहिलं नाही, ते बरं केलं.

अगदी शेवटी फाटक वाजतं अन् ती घाईने म्हणते, "बाई, ठेवतो आता. हे आले."

संपलं.

आतापर्यंत नऊ वेळा ऐकला. नऊही वेळा मी आलो.